एका कडीला एक थेंब

"थेंबभर. ज्यादा नाई."

तेल थोडे वरून टाका म्हटले, की शेठ हे म्हणायचा आणि खरोखरच एक थेंब टाकायचा. मग माप आपल्या पिंपावर उलटे धरून त्याच्या बुडाला टिचकी मारायचा. मापाला चिकटलेले सगळे तेल पिंपात. गिऱ्हाईक बरणी घेऊन बघत उभे. असा दुकानदार तुमच्याही गावात असेल, म्हणून जास्त सांगत नाही.

वर्ध्याजवळच्या सेलूला माझ्या घराला लागून त्याचे घर, आणि पुढे बाजारात त्याचे किराणा दुकान. लिहिताना मी त्याला अरे-तुरे करते आहे. तोंडावर शेठ, या, बसा, असेच म्हणायचे. आता ऐकायला तो नाही, आणि मी चौथीपर्यंत शिकले त्या शाळेत खोटा मान लिहायला शिकवत नव्हते.

त्याच्या म्हातारपणी मुलाने किराणा बंद करून मोबाईलचे दुकान टाकले. पिंपे गेली, काचेची कपाटे आली. शेठला दाराशी एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली. गिऱ्हाईक आले की तो सवयीने विचारायचा, "काय पाह्यजे?" गिऱ्हाईक सांगायचे, आणि शेठला त्यातला एक शब्द कळायचा नाही. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही घरीच बसत जा." शेठ घरी बसला.

घरी काय होते? सायकल. काळी, उंच, दांड्याची, मागे पोते बांधायचे कॅरिअर. त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, "मी आजारी पडली तर याहिले दोन दिवसांनी समजते. सायकलची घंटी बिघडली तर रातभर झोप नाई."

हिंगणीच्या रस्त्याला शेठचे शेत आहे. मुलाने ते ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिले होते. तरी शेठ रोज सायकलने शेतात जायचा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून त्या ठोकेदाराला बोलायचा. कपाशीच्या ओळी वाकड्या गेल्या, तण माजले, खत भलत्या वेळी टाकले. ठोकेदार सगळे ऐकून घ्यायचा आणि वर चहा पाजायचा. उभ्या गावात शेठचे ऐकून घेणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

मग एकदा चौकात भोवळ आली आणि शेठ सायकलवरून पडला. कोपर फुटले. मुलाने गल्लीसमोर जाहीर केले, "आता सायकलले हात लावला तर भंगारवाल्याले देऊन टाकीन. सांगून ठेवतो." सायकल ओसरीत भिंतीला टेकली. शेठने मुकाट मान हलवली.

ती मान काही दिवसही टिकली नाही. मुलगा सकाळी दुकानात जायचा, सून दुसऱ्या गावच्या शाळेत शिकवायला. दोघे गेले की शेठ मागच्या दाराने सायकल काढायचा, शेतावर जाऊन बोलायचे ते बोलून घ्यायचा आणि मुलगा जेवायला यायच्या आत परत. अडचण एकच होती. पावसाळ्याचे दिवस, आणि शेताकडे जायची पांदणवाट म्हणजे नुसता काळा चिखल. आमची माती अशी आहे की पायाला लागली तर चप्पल काढून घेते आणि मडगार्डात शिरली तर चाक फिरू देत नाही. तशी बरबटलेली सायकल ओसरीत ठेवली असती, तर मुलाला वेगळे सांगावे लागले नसते. शेठच्या घरचा नळ रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. माझी हापशी मागच्या अंगणात. म्हणून तो माझ्याकडे आला.

"वयनी, जरा पाणी मारा न."

"माझे हात काय तुमच्या चाकरीले आहेत?"

"चाकरी कोण म्हणते? जराकसं. थेंबभर."

थेंबभर म्हणत म्हणत त्याने माझ्याकडून बादल्यांवर बादल्या भरून घेतल्या.

त्याचे धुणे तुम्ही पाहायला पाहिजे होते. आधी तुराटीच्या काडीने मडगार्डातला चिखल कोरून काढायचा. तोवर पाणी मारू द्यायचा नाही. मग पाणी, तेही वरून आणि हळू. मग जुन्या बनियानने पुसणे. मग ठोकेदाराकडून मागून आणलेले डिझेल वाटीत घ्यायचे, त्यात दात घासायचा जुना ब्रश बुडवायचा आणि चेनची कडी न् कडी घासायची. वाटी माझी होती. मी परत मागितली नाही, तिच्यात आता काय खाणार? शेवटी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून शिलाई मशीनचे तेल. बाटली डोळ्यांपाशी धरून, श्वास रोखून, एका कडीला एक थेंब. मग पायडल उलटे फिरवायचे आणि वर आलेले तेल फडक्याने पुसून काढायचे.

"टाकता कायले न पुसता कायले?" मी विचारले.

"ज्यादा तेल धूळ धरते, वयनी. तेल आतमंधी पाह्यजे, वरतं नाई."

"माणसाईले तर तुम्ही आतही नाई टाकलं न वरही नाई."

तो हसला. बोलणे आपल्याला लागले आहे हे कळायला त्याला वेळ लागायचा.

असे काही दिवस चालले आणि मग त्याच्याच हुशारीने घात केला. एका संध्याकाळी सून ओसरी झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, "मामाजी, घरभर धूळ आहे, न सायकल कशी काय चमकून राह्यली?" बसल्या बसल्या पुसतो, असे शेठने सांगितले. सुनेला ते पटले. पण मुलगा जेवताना थांबला आणि त्याने वळून सायकलकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी शेठ सायकल ढकलत माझ्या अंगणात हे सांगायला आला.

"वयनी, आता तो नेतो तिले भंगारात."

सगळी उमर दुकान चालवलेल्या माणसाला एवढे कळू नये? भिंतीला टेकून ठेवलेल्या सायकलवर धूळ पाहिजे, जाळे पाहिजे. याची सायकल नवरदेवासारखी नटलेली. मी अंगणातला केर सुपात भरला, त्यात आंघोळीच्या चुलीतली राख मिसळली आणि सूप घेऊन सायकलपाशी गेले.

"थांबा! थांबा! चेनवर नोका टाकू!"

शेठ मटकन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेन झाकली. लेकराला न्हाऊ घालताना आई त्याच्या डोळ्यांवर हात धरते, तशी. मी सूप उधळले. सीटवर, दांड्यावर, घंटीवर आणि शेठच्या डोक्यावर.

"आता तुम्हीही भिंतीले टेकल्यासारखे दिसून राह्यले," मी म्हटले.

त्या दिवसापासून आमचे ते रोजचे काम झाले. आधी सायकल धुवायची, पुसायची, तेल द्यायचे, आणि मग चेनला फडके गुंडाळून तिच्यावर धूळ मारायची. जगात आणखी कोणी असे करत असेल तर मला आणून दाखवा. आणि धूळही या माणसाला मापात पाहिजे. "हँडलवर थेंबभर. ज्यादा नाई." थेंबाने मोजलेली धूळ मी तिथेच पहिल्यांदा पाहिली.

मग मशीनचे तेल संपले. आणायला बाजारात जायचे तर मुलाच्या दुकानापुढून जावे लागणार. शेठने डोके लढवले. सुनेच्या स्वयंपाकघरातून जवसाचे तेल बाटलीत भरून घेतले आणि ते चेनला पाजले. त्यानंतर पावसाची झड लागली आणि सायकल ओसरीतच उभी राहिली. जवसाचे तेल वाळले की त्याचा चीक होतो, हे आमच्याकडे कोणत्याही सुताराला विचारा. शेठने जन्मभर ते तेल विकले आणि त्याला ठाऊक नव्हते. त्याला फक्त माप ठाऊक.

झड उघडली तसा तो निघाला. चेन लाखेने जोडल्यासारखी झाली होती. जाताना कशीबशी गेली, येताना पांदणीतच अडली. चाकेही चिखलाने भरली. मग शेठने सायकल खांद्यावर घेतली. इतकी वर्षे तो तिच्यावर बसला, त्या दिवशी ती त्याच्यावर बसून आली. माझ्या अंगणात पोहोचला तेव्हा मुलाच्या जेवणाची वेळ टळून गेली होती.

"पाणी मारा वयनी, पाणी मारा," म्हणत त्याने डिझेल सरळ चेनवर ओतले. अख्खी वाटी. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्याला काही ओतताना पहिल्यांदाच पाहिले. ते पाहून मी हापशी सोडली, ब्रश हातात घेतला आणि चेन घासायला बसले.

तेवढ्यात पुढच्या दारातून मुलाचा आवाज आला. "काकू! बाबा आले काय इकडं? घरी नाईत. सायकलही नाई."

शेठ एका उडीत न्हाणीत शिरला. एरवी त्याला ओसरीची पायरी चढायलाही आधार लागायचा. मुलगा सरळ मागे आला. अंगणाच्या मधोमध अर्धवट धुतलेली सायकल, खाली काळे पाणी आणि माझ्या हातात ब्रश. त्याने सायकलकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सायकल इथं काऊन?"

"मी आणली."

"तुम्ही? कायले?"

तोंडात आले ते मी बोलले. "शिकून राह्यली."

"काय?"

"सायकल. लहानपणी कोणी शिकवली नाई, आता शिकून राह्यली."

"न बाबा कुठं आहेत?"

"देवळात गेले असतील. मले काय माईत?"

तो असा हसत सुटला की त्याला हापशी धरावी लागली. "पाय तरी पुरतात काय, काकू?" डोळे पुसून म्हणाला, "ठेवा. इथंच राहू द्या. आमच्या घरातून गेली ते बरं झालं. बाबाची नजर तिच्यावरच राह्यते." आणि हसतच गेला.

शेठ न्हाणीतून बाहेर आला. मला वाटले, आता तरी दोन शब्द बरे बोलेल. त्याने सायकलकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे पाहिले.

"सीट खाली करून देऊ काय?"

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. मोबाईलच्या दुकानातून निघालेल्या बातमीला काय वेळ लागतो? भाजी घ्यायला गेले की बाया विचारायच्या, "आजी, कधी निघता वर्ध्याले?" एक पोट्टी तर मला पाहून रोज आपल्या सायकलची घंटी वाजवायची आणि रस्ता सोडून उभी राहायची. सत्तरी उलटल्यावर माझे एवढे नाव झाले ते या माणसापायी.

पण सायकल माझ्या अंगणात राहिली. धूळ मारायची गरज संपली. "वयनीकडं बसून येतो," असे सांगून शेठ घरातून निघायचा आणि माझ्या मागच्या दाराने शेतावर जायचा. परत आला की काडी, बनियान, डिझेल, थेंब. मशीनचे तेल आता मी आणून द्यायची. तो पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुढचा पावसाळाही आला. आभार मानायची त्याला सवय नव्हती. एकदा शेतातून दोन वांगी आणून माझ्या पायरीवर ठेवली.

"थेंबभर काय, शेठ?" मी विचारले.

"ज्यादा नाई," तो म्हणाला. आणि या वेळी माझे बोलणे त्याला लगेच कळले होते, कारण तो लाजला.

गेला तो सायकलवरून नाही. घरीच, अंथरुणात, तापाने गेला. तेरवीला मुलगा पाहुण्यांना सांगत होता, "सायकल बंद केली म्हणून बाबाले एवढे दिवस तरी मिळाले." सगळ्यांनी माना हलवल्या. पंगतीत ठोकेदार माझ्या समोर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले. मग दोघांनी खाली मान घालून बुंदी खाल्ली.

निघताना मुलगा म्हणाला, "काकू, सायकल तुम्हीच ठेवा. शिकल्या काय?"

"शिकून राह्यली," मी म्हटले.

आता ती माझ्या भिंतीला टेकलेली असते. धूळ आपोआप बसते, कोणाला मारावी लागत नाही. सीटखाली कोळ्याने जाळे विणले आहे. पाहिजे होते तेव्हा मेल्याला सुचले नाही.

चेन मात्र मी गंजू दिलेली नाही. गंजलेल्या मालाला भंगारवालाही नाक मुरडतो, म्हणून. परवा पाऊस उघडला तेव्हा तीच वाटी काढली, तोच ब्रश काढला, चेन घासली आणि खोकल्याच्या बाटलीतून तेल दिले. एका कडीला दोन थेंब. मुद्दाम. पायडल उलटे फिरवले, आणि वर आलेले तेल पुसलेही नाही. ते ओघळले आणि अंगणात हा मोठा डाग पडला.

मी थोडा वेळ हापशीपाशी उभी राहिले. कोणी ओरडले नाही.