साइड टेबलला लावलेलं हळदकुंकू

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरीच्या घरात सोफ्याशेजारी एक डिझायनर साइड टेबल आहे. पाय पितळेचा, वर पांढराशुभ्र संगमरवर. त्यावर दोन कप मावतात, तिसरा हातात धरून बसावं लागतं. त्याच्या किमतीत एक माणूस भारतात जाऊन परत आला असता. येणारे-जाणारे विचारतात, एवढं काय आहे त्यात? काही नाही. नाकापेक्षा मोती जड! पण हे मला हसत सांगता येत नाही, कारण ते माझ्याच तिकिटाच्या पैशांतून आलं आहे.

मी नागपूरला आईकडे जाणार होते. तिला भेटून चार वर्षं झाली होती. पण माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला होता. इथे राहून नोकरी करायला त्याची आडकाठी नाही. मात्र एकदा देशाबाहेर पडलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. ऑफिसमधली एक मैत्रीण अशीच गेली आणि तिथली व्हिसाची अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेल्यामुळे माहेरीच अडकली. नवरा, मुलं इकडे. ते ऐकून माझा नवरा म्हणाला, ‘‘यार, रिस्क नको. कॅन्सल कर.’’ मी केलं. मग त्याच्यावरही चिडले, स्वतःवरही.

रिफंड आला आणि एका शनिवारी हे टेबल दारात आलं. कधीतरी दुकानात मी त्यावरून हात फिरवला होता, तेवढं त्याने लक्षात ठेवलं होतं. ‘‘हौसेला मोल नसतं गं,’’ म्हणाला. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता, म्हणून तर राग गिळावा लागला. महिनाभरात परत करता येतं, हे मात्र मी लगेच बघून ठेवलं. ते पैसे मला पुन्हा तिकिटासाठी हवे होते.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आईला टेबल दिसलं.

‘‘नवी वस्तू आली न घरात? हळदकुंकू लावलं का?’’

‘‘आई, टेबलाला कशाला?’’

‘‘गाडीला लावता, फ्रिजला लावता, टेबलानं काय पाप केलं? लाव. मला पाहू दे.’’

इतक्या लांबून ती मागून मागून हे मागत होती. मी बोट ओलं केलं आणि हळदीचं स्वस्तिक काढलं, वर कुंकू लावलं. आईने तिकडून हात जोडले. तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी पुसायला गेले तर कुंकू फिकट झालं, हळद जागची हलेना. संगमरवर हळद पितो, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. मी लिंबू चोळलं, तर दगडाची चकाकीच गेली. दुकानात फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात विचारलं, पिवळा डाग कशाचा? मी म्हटलं, आशीर्वादाचा. ती त्याच गोड आवाजात डाग पडलेली वस्तू परत घेत नाही म्हणाली.

टेबल राहिलं, मीही राहिले. आता त्यावर कप ठेवला की लेक आतून ओरडते, ‘‘मम्मा, कोस्टर!’’ सगळं घर त्याला जपतं. घर आपलं, दार आपलं, फक्त निघता येत नाही.

गेल्या रविवारी आई बराच वेळ बोलली. गुडघा, शेजारणीची सून, उन्हाळी वाळवण. फोन ठेवायची वेळ झाली तरी ‘कधी येतेस?’ हा नेहमीचा प्रश्न आला नाही; माझं ठरलेलं ‘लवकरच’ तसंच राहिलं. शेवटी मीच म्हटलं, ‘‘आई, आज विचारलं नाहीस, कधी येऊन राहिली म्हणून?’’

‘‘नाही विचारत आता,’’ ती म्हणाली. ‘‘तुला खोटं बोलावं लागते न दरवेळी.’’