मामांच्या अंगावरचे वण

सापाला, वाघाला, पोलिसाला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण स्वतःच्या कातडीला भिणारा माणूस उभ्या वसईत एकच होता, आणि ते म्हणजे नंदाखालचे माझे थोरले मामा. तुम्हाआम्हाला खरचटलं की खपली धरते, पडते, विषय संपतो. मामांच्या कातडीला थांबायचं कळत नसे. देवी टोचल्याचा वण दंडावर घेवड्याच्या दाण्याएवढा फुगला होता. छातीवर एकदा साधी पुळी आली. ती गेली आणि तिच्या जागी लालसर, चकचकीत गाठ मुक्कामाला आली. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी तिच्यावर बिब्बा लावला. कातडी भाजली, आणि गाठ तिप्पट झाली.

तेव्हापासून मामांनी जगाशी फटकून वागायला सुरुवात केली. ऐन वैशाखात केळीच्या वाडीत ते लांब बाह्यांचा कोट घालून हिंडत. मांजर हद्दपार झालं. आगाशीचा न्हावी दाढीला आला की त्याचं मनगट ते घट्ट धरून ठेवत, शेवटी तो वैतागून म्हणाला, "मामा, वस्तरा तुमी धरा, मी तुमचा हात धरतो!" दर शनिवारी केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने छातीवरची गाठ मोजायची आणि मला हाक मारायची, "भाच्या, केसभर वाढली बघ." खाज सुटली की खोबरेल लावून डोळे मिटून बसत. डॉक्टरचं नाव मात्र काढायचं नाही. डॉक्टर म्हणजे सुरी आणि सुरी म्हणजे नवा वण, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मामांना मुलगी झाली तेव्हा बाराव्या दिवशी कान टोचायला सोनार आला. मामा पाळण्यापुढे आडवे उभे राहिले. "तार आत जाताना दिसते. मागून काय उगवेल, कोन सांगनार?" मामी रडली, सोनार लाडू खाऊन परत गेला, आणि पोर बुच्च्या कानांनी मोठी झाली.

सतराव्या वर्षी तिला उमेळ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, तारीखही धरली. पण तिकडच्या बायकांनी कान पाहिले आणि निरोप धाडला : लग्नाआधी टोचून घ्या. मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, वसईला. डॉक्टरकडे." माझा कानांवर विश्वास बसेना.

डॉक्टरांनी गाठी दाबून पाहिल्या. "नुसती कापली तर दुप्पट होऊन परत येते. बिब्बा, चुना, डाग, काही नको. तेल लावा, कपडा घासू देऊ नका. पण भराभर वाढली, फुटली, रक्त आलं किंवा हात उचलेनासा झाला, तर घरी बसू नका. लगेच या."

"माझं ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "पोरीचं सांगा."

"तिला होईलच असं नाही. पण बापाला आहे, तर मुद्दाम कशाला टोचता?"

परतीच्या बसमध्ये मामा एवढंच बोलले, "आधी आलो असतो तर निदान बिब्बा तरी लावला नसता."

दुसऱ्या दिवशी आम्ही उमेळ्याला गेलो. ओटीवर चार माणसं बसलेली, दारात मुलाची आई, होणाऱ्या विहीणबाई. ज्या माणसाने घरच्यांसमोरही कधी अंग उघडं टाकलं नव्हतं, त्याने सगळ्यांपुढे सदऱ्याची बटणं सोडली. "हे पोरीला द्यायचं मला धाडस नाय. कान हाय तसे पत्करत असाल तर सांगा." विहीणबाई आत गेल्या. घरातल्या कर्त्या माणसाने "कळवतो" म्हटलं, आणि पुढचे आठ दिवस मामांच्या घरात कुणाला धड घास गेला नाही. नवव्या दिवशी निरोप आला : तारीख तीच.

लग्नाच्या दिवशी विहीणबाई स्वतः नवरीपाशी येऊन बसल्या. सोन्याची कर्णफुलं त्यांनी रेशमी धाग्यात ओवून आणली होती; ती त्यांनी मुलीच्या कानांभोवती हलक्या हाताने बांधली. टोचल्याशिवाय इतकी छान फुलं कानांवर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मामा मांडवाच्या खांबाआडून बघत होते. डोळे भरून आले होते, तरी राहवेना. पुढे होऊन हलक्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, धागा रुतत नाय ना तिला?"

विहीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यादेखत दोन्ही गाठी जराशा सैल केल्या.