बबनचं शेड

कामावरून कमी करायच्या माणसांच्या यादीत अकरावं नाव बबनचं होतं. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "हा माझा सर्वांत चांगला टर्नर आहे."

"ऑर्डर नाहीत, लेथ रिकामे आहेत. टर्नर ठेवून करायचं काय?"

पन्नासचं दशक होतं. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनत. मी मशीन शॉपचा फोरमन. लेथ म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कातणारं मशीन; ते चालवतो तो टर्नर. बबनला मीच घरी पाठवलं. त्यानं हातातला माप घ्यायचा कॅलिपर पुसून टेबलावर ठेवला आणि तो गेला.

आठ-नऊ महिन्यांनी ऑर्डर एकदम आल्या. बुश कमी पडू लागले. बुश म्हणजे पंपाचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी. बबनला परत आणायला मी सायकलवर त्याच्या गावी, वाकडला गेलो.

त्याच्या गोठ्याला लागून पत्र्याचं शेड. ऑइल इंजिनाचा पट्टा एका जुनाट लेथवर चढवलेला. बबन शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करत होता. सोबत आमच्याच यादीतले तिघे.

"चल, उद्यापासून कामावर ये."

"न्हाई साहेब. मी आलो तर या तिघांचं काय?"

"त्यांना आत्ता घेता येणार नाही."

"मग बुश हितंच करून देतो. माप तपासून घ्या."

मी दोन नमुने आणले. साहेब हसले, "गोठ्यातला माल?" मी गेज लावला. त्याचं एक टोक बुशात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. दोन्ही बुश पास झाले.

दोन वर्षं आमचे बुश वाकडहून येत होते. बबनने गावातले आणखी चौघे शिकवून तयार केले.

मग पुन्हा मंदी आली. साहेब एवढंच म्हणाले, "बाहेरचं काम बंद करा."

मी वाकडला जाऊन बबनला सांगितलं. तो म्हणाला, "नव्या पोरांना तुमीच सांगा साहेब. माझ्यानं न्हाई व्हायचं." मी सांगितलं. चौघे त्याच दिवशी गेले. बबन आणि जुने तिघे शेतकऱ्यांच्या पंपांवर कसेबसे तगले.

वर्षअखेरीस हेड ऑफिसचं पत्र आलं. मंदीतही एकही कामगार कमी न केल्याबद्दल आमचं कौतुक होतं. मी ते नोटीस बोर्डावर लावलं. त्यात खोटं काही नव्हतं. ते चौघे आमच्या हजेरीपटावर कधी नव्हतेच.

तेव्हापासून कुणी मंदीत माणसं टिकवल्याचं सांगितलं, की मी विचारतो, "फाटकाबाहेरची किती गेली?"