छत्रीतल्या उवा

मद्रासला असताना जॉर्ज टाउनमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी कोंबड्या विकायला बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही; सगळ्यांसारखी मीही तिला तमिळमध्ये 'पाटी', म्हणजे आजी, म्हणायचे. तिच्याकडून नेलेल्या कोंबडीच्या अंगावर आठव्या दिवशी उवा दिसल्या, तेव्हा ती बदलून घ्यायला मी तरातरा गेले.

"माझ्या टोपलीत ऊ? तुमच्या अंगणात जन्मली असेल, अम्मा!" चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं ती ओरडली.

"मग दाखव की, पाटी."

तिनं काळी छत्री उघडून मांडीवर उलटी घेतली आणि कोंबडीची पिसं फुंकत, झटकत उवा तिच्यात पाडल्या. मग पिसाच्या टोकानं एकेक ऊ वेगळी करू लागली.

"ही पांढरट, नुसतं डोकंच मोठं, म्हणजे परवाचं पोर. ही लांबट, पिवळसर, म्हणजे हिनं कात टाकलीय. तिसरी कात टाकली की पोटावर गडद पट्टे येतात. त्याला आठ दिवस पुरत नाहीत. पट्टेवाली निघाली तर माझी."

पुढच्याच उवेवर ती थबकली. नखानं चिरडली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिनं छत्री माझ्या नाकाशी आणली.

"पट्टे आहेत, अम्मा. ही थोरली माझ्याच घरची!" आणि ती इतकी हसली की छत्रीतली सगळी वंशावळ उधळली.

दुसरी कोंबडीही तिनं आधी छत्रीत झटकली, मगच दिली. भांडणासाठी वाटेत जुळवलेली वाक्यं मी तशीच घरी परत आणली.