सासूबाईंचं ‘छान’

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हाही एवढा भाग गाळूनच बोलते. तुला, वहीला, सांगते आहे, कारण तू मध्ये बोलणार नाहीस. मध्ये कोणी बोललं की माझं पुढचं सगळं जातं. शाळेत बाई नाव विचारायच्या तेव्हा मी आधी पायांकडे बघायची, मग नाव सांगायची. चौथीपर्यंत तेच. मग शाळाच सुटली.

ही वही माझी नाही. सासूबाईंची आहे. म्हणजे — ते येईलच पुढे.

आम्ही बदलापूरजवळ सोनिवलीला राहतो. हे अंबरनाथला एमआयडीसीत कामाला आहेत. धाकटे दीर आणि जाऊ वैशाली उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. सासूबाई आमच्याकडे. सगळे त्यांना आई म्हणतात, मीही. आईंचं माहेर खाडीकडचं, मिठागरावरचं. त्यामुळे मिठाबद्दल त्यांच्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती. बावीस वर्षं मी स्वयंपाक केला आणि बावीस वर्षं त्यांनी पहिला घास घेऊन दोनांतली एक गोष्ट सांगितली. मीठ कमी. नाहीतर मीठ जास्त. बरोबर कधी पडलंच नसेल का? चुकून तरी?

वैशाली रविवारी यायची ती सिंध्याच्या दुकानातलं काहीतरी डब्यात घालून. आई एक घास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "छान." दुकानातलं होतं ते. तिने फक्त डबा बदललेला असायचा. मी आत भाकऱ्या थापत ऐकायची.

मग आईंना मेंदूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. पाचव्या दिवशी वाचा परत आली — पण एकाच शब्दापुरती. तो शब्द म्हणजे छान.

काय सांगू तुला. नर्सने सुई टोचली — छान. घरी आणलं, सगळ्यांनी मिळून जिन्यातून खुर्चीसकट उचललं, एकाचा पाय घसरला — छान. शेजारचे नाना भेटायला आले आणि म्हणाले, "आमची म्हैस गेली हो वहिनी." आईंचे डोळे भरून आले. मान हलवत म्हणाल्या, "छान, छान." नाना चहा न घेता गेले. वैशालीचं पनीर छान, माझी पेज छान, आणि बेडपॅनसुद्धा छान.

वैशाली ओट्याशी येऊन म्हणाली, "ताई, आता या छानला काही अर्थ राहिला नाही हो."

तिच्यासाठी नसेल राहिला.

मला कळत नव्हतं असं समजू नकोस. जो शब्द बेडपॅनला मिळतो तो आपल्याला मिळाला म्हणून कोण खूश होतं? मी झाले. पेजेचा चमचा त्यांना भरवायची आणि वाट बघत बसायची. तो यायचा. दिवसातून कितीतरी वेळा यायचा. पूर्वी एकदा पेज करायची, आता तीनदा करायला लागले. इथपर्यंत हसायला हरकत नाही. मीही हसते कधीकधी.

पुढचं सांगायला मात्र — थांब, जरा पाणी पिते.

ह्यांच्या कंपनीतल्या साहेबांनी सांगितलं की मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात झटक्याच्या पेशंटना स्टेम सेल देऊन बघताहेत. अभ्यास होता तो. आम्ही गाडी करून आईंना घेऊन गेलो. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, मराठी चांगलं बोलायच्या. म्हणाल्या, झटक्यानंतर मेंदूला सूज येते, आणि ती राहिली तर शेजारचा चांगला भागही खराब होतो. या पेशी ती सूज कमी करतील अशी आशा आहे, खात्री नाही. कदाचित बोलणंही सुधारेल, कदाचित नाही. निम्म्या पेशंटना पेशी देणार आणि निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय मिळालं ते त्यांनाही शेवटी कळणार. आणि जे द्यायचं ते ठरलेल्या दिवसांच्या आत द्यायचं. आईंच्या त्या मुदतीतले थोडेच दिवस उरले होते.

"सलाईन म्हणजे मिठाचं पाणी ना?" हे म्हणाले. "मॅडम, आमची आई मिठागरावर वाढली. तिला त्याचा काय फरक पडणार?"

मॅडम हसल्या. "काय आजी, तयार ना?"

"छान," आई म्हणाल्या.

मी एकटी हसले नाही. मी बघत होते आईंच्या तोंडाकडे आणि मनात चाललं होतं — बोलणं सुधारलं म्हणजे काय होईल? पहिलं काय परत येईल? मला माहीत होतं पहिलं काय परत येईल.

मॅडमनी कागद काढून एकेक प्रश्न विचारायला घेतला. हेच उत्तरं देत होते. मग त्या माझ्याकडे वळल्या. "यांच्याजवळ दिवसभर तुम्हीच असता ना? गेल्या आठवड्यात ताप आला होता का? ताप असेल तर आम्हाला यांना घेता येत नाही."

मी पायांकडे बघितलं. आणि म्हणाले, "हो. परवा दुपारी."

"मला नाही बोललीस," हे म्हणाले.

"तुम्ही कंपनीत होतात. गोळी दिली, उतरला."

आयुष्यात परक्या माणसासमोर मी एवढी सरळ कधी बोलले नव्हते. मॅडमनी कागदावर फुली मारली. वाईट वाटलं त्यांना, ते दिसत होतं. पुन्हा बघायचं म्हटलं तरी तोवर मुदत संपणार होती. खोटं बोलेन असं कोणाला वाटलंच नाही. मी बोलतच नाही, तर खोटं कुठून बोलणार?

त्या दुपारी आईंना ताप नव्हता. आदल्या दिवशी नव्हता, नंतरही नव्हता. हीच ती गोष्ट.

अजून एक आहे. त्यानंतर एकदा आई डाव्या हाताने पलंगावर थापा मारत होत्या. छान, छान, छान — घसा ताणून. त्यांना काहीतरी हवं होतं, पाणी की चादर की काय. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला दिसलं. आणि मी म्हणाले, "छान ना, आई?" आणि पेज गरम करायला आत गेले. ते तोंड मला अजून दिसतं.

कोणी म्हणेल, त्यांच्या वाट्याला मिठाचं पाणीच आलं असतं. कोणी म्हणेल, पेशी मिळूनही फरक पडला नसता. मीही म्हणून बघितलं स्वतःला, पुष्कळदा. पण तेव्हा हे सगळं मी कुठे मोजलं होतं? मला फक्त छान जायला नको होतं.

नंतर अंबरनाथच्या एक बाई बोलायचं शिकवायला येऊ लागल्या. त्यांनी ही वही दिली. आई जो शब्द बोलतील तो तारीख घालून लिहायचा. पहिली चाळीस पानं बघितली तर नुसतं छान आहे, माझ्या अक्षरात. मग पाणी. मग ह्यांचं नाव. वैशालीचं नाव. शब्द आले, पण उंबरा चढताना माणूस दम खातो तसे, एकेक. वर्ष लागलं.

परवा दुपारी आम्ही दोघी वाल सोलत होतो. आई एका हाताने सोलतात, मी दोन हातांनी, तरी त्यांचा ढीग मोठा. घरात कोणी नव्हतं. आई खाली बघतच म्हणाल्या, "ताप नवता गो."

माझा हात थांबला. त्यांचा थांबला नाही.

"नव्हता," मी म्हणाले.

त्यांनी पुढचा वाल सोलायला घेतला. ह्यांना त्यांनी काही सांगितलं नाही, अजून तरी. जेवताना पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी." मी मीठ आणून घातलं.

त्या दिवसाच्या पानावर मी ‘मीठ कमी’ एवढंच लिहिलं होतं. त्याच्या वर ‘ताप नवता गो’ हे तीन शब्द आज लिहिले.