थोरल्या जावेचा डावा पाय

भुताखेतांवर, अंगाऱ्या-धुपाऱ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. थोरल्या जावेवर तर त्याहूनही नाही. तरीही हे तिच्याबद्दलच लिहावं लागतंय...

साठ-एकसष्टची गोष्ट. आमचं गाव कळसाडी, शहादा तालुका. जाऊ पायाळू – जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर येऊन वाकायचा, ही डाव्या पायाचा अंगठा त्याच्या पाठीला लावायची आणि तो ताठ चालत घरी जायचा. सगळा गाव तिला हात जोडायचा. पहिला चहा सासूबाई तिलाच देत. स्वयंपाक मी करायची, नाव तिचं व्हायचं. जळणार नाही तर काय?

त्या उन्हाळ्यात ज्वारीचं पोतं सरकवताना माझीच कंबर धरली. डावा पाय बधिर झाला, उभं राहिलं की कळ टाचेपर्यंत जायची. सगळे म्हणाले, घरात गंगा आहे, वाक एकदा.

मी जावेच्या तोंडावर सांगितलं, "बाई, कंबर मोडनी तरी चाली, पन तुन्हा पायखाले मी येवाव नई."

ती आपली ओटा सारवत राहिली. त्याचाही मला रागच आला.

शेवटी मालकांनी मुंबईला नेलं. मणक्यातली चकती सरकली होती, ऑपरेशन झालं. पाठीतली कळ गेली, पण डाव्या पायाची बोटं हलेनात. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. हलली नाहीत तर मग काठी जन्माची... आणि त्या काठीवर मी ओट्यावर बसलेल्या तिच्यासमोरून जाणार!

पोळ्याच्या दुपारी इस्पितळातच खाटेवर कुशीवर पडले होते. मालक समोरच स्टुलावर बसून घरच्या बैलांची आठवण काढत होते. एकाएकी पाठीच्या पट्टीवर कुणाचं तरी पाऊल टेकलं. थंड, शेणसारवणानं ओलं. आणि जोडव्याची ती झिजलेली, धारदार कड... पंगतीत शेजारी बसली की मला नेहमी बोचायची तीच. वळून बघावं तर मागे नुसती भिंत. मालकांना काहीच दिसलं नव्हतं.

माझी बोटं मात्र हलत होती.

ड्रेसिंग सोडलं तेव्हा टाक्यांच्या खाली अर्धचंद्रासारखा लाल वळ होता. पट्टीची घडी रुतली असेल, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आले तर जाऊ दारातच उभी. "चालता येस ना तुले?" एवढंच विचारलं. मग हळूच म्हणाली, "पोयाना दिवसे तुन्ही गोधडीवर पाय ठेवा मी. तू काय मन्हासमोर वाकणारी नई."

त्या पोळ्यानंतर तिच्या पायाचा गुण गेला. लोक वाकायचे आणि तसेच कण्हत परत जायचे. हळूहळू यायचे थांबले. दुपारी ओट्यावर ती एकटीच बसलेली असायची.

मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मी मुद्दाम तिच्यासमोरून डोक्यावर हंडा घेऊन जायची, ताठ. ती माझ्या तोंडाकडे कधी बघायची नाही. माझ्या डाव्या पायाकडे बघायची आणि हसायची... आपलं लेकरू चालताना बघावं तशी.

ऑपरेशननं झालं, की तिनं केलं, मला आजही सांगता येत नाही. जाऊ जाऊन वर्षं झाली. पण तिचं ते हसू आठवलं की अजून जळफळाट होतो. पाय माझा, आणि चालायची ती.