बॉडी की लेन्स

"कॅमेऱ्याच्या बॉडीत पैसे घालू नकोस, चांगली लेन्स घे," हे माझ्या नवऱ्याचं पालुपद. "बॉडी दोन वर्षांत जुनी होते, काच जन्मभर पुरते." मला मात्र नवी बॉडीच हवी होती. आमच्या जुन्या डब्याचा फोकस लागेपर्यंत खंड्या मासा गिळून पसार व्हायचा. मोहोपाड्याच्या कॉलनीत राहून आमची भांडणं ही असली, चैनीची! मी हट्टी, तो माझ्याहून सवाई. निकाल लागायच्या आतच तो गेला. मग वर्षभर कॅमेरा कपाटात पडून राहिला. वाद घालायला घरात कोणी नसलं की स्वतःचं मत तरी कशाला हवं असतं?

या हिवाळ्यात एकदाचं ठरवलं. कर्जतला जायला खालापुरात मिनिडोर रिक्षात बसले आणि तिथूनच स्टुडिओवाल्याला फोन लावला. इंजिनाच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागलं.

"बॉडीच न्यायची आहे. हो, आजच. किती वाजता ताब्यात मिळेल?"

फोन ठेवला तर सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. ड्रायव्हरने गाणं बंद केलं. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी टोपली पायाशी सरकवून माझा हात धरला.

"कोण गेलं गं बाय?"

हसू अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडून निघालं, "मालक."

"आनी येकटीच निघालीस? घरची मानसं?"

"कोणी नाही."

"मंग मी येते संगं."

कर्जतला उतरून त्या खरंच सरकारी दवाखान्याकडे चालू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यातच थांबवून सगळं सांगितलं, कॅमेऱ्याचं, आणि मालक जाऊन वर्ष झाल्याचंही. आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घातली.

"मंग खोटं काय बोललीस?" त्या म्हणाल्या. "चल, कुठं हाय तुजं दुकान?"

स्टुडिओवाल्याने काउंटरवर बॉडी आणि लेन्स, दोन्ही खोकी मांडली. कुठलं बांधू, म्हणाला. मी मावशींकडे पाहिलं.

"मला काय कळतंय त्यातलं? तुला पायजे ते घे."

"बॉडी," मी म्हणाले, आणि सवयीने जरा थांबले. कोणी 'नको' म्हणालं नाही. तेव्हा मला रडू फुटलं.